सुटलेला नागाप्पा

नागाप्पा पाटील परदेशातल्या तुरुंगातून सुटला, ही बातमी घेऊन कलेक्टर कचेरीचा शिपाई कसबा बावड्यात आला, तेव्हा शिवगंगा गोठ्यात शेण भरत होती. ऐकताच ती शेणाची पाटी तिथंच टाकून उठली.

नवरा फौंड्रीतला कसबी कामगार. एक्क्याऐंशी साली आखातात गेला आणि मालकाच्या गोदामातल्या चोरीत नाहक अडकला. पुढं खरा चोर सापडला. तरी भारतीय वकिलातीच्या माणसानं येऊन ओळख पटवल्याशिवाय पोलीस नागाप्पाला सोडेनात. वकिलातीचा माणूस दोन वर्षं फिरकलाच नाही. शिवगंगेनं कचेरीचे उंबरे झिजवले. "बाई, हा दिल्लीचा मामला," एवढंच साहेब म्हणायचे. शेवटी लोकसभेत कुणीतरी प्रश्न विचारला, तेव्हा कुठं चक्रं हलली.

ती स्टेशनवर गेली. शिपायानं नाव पुकारलं तेव्हा डब्यातून उतरला तो भलताच माणूस.

"पावणं, आमचं मालक कुठं हाईत?"

तो निपाणीकडचा होता. चोरटी दारू विकताना सापडलेला. नाव मात्र तेच, नागाप्पा पाटील.

"अक्का, वकिलातीच्या सायबानं कोठडीच्या दारातनंच नाव पुकारलं. आमी दोघंबी उठलो. मी दाराजवळ हुतो. सायबाला घाई. त्यानं बापाचं नाव, गाव कायबी इचारलं न्हाय. तुमचं मालक 'मीच त्यो, मीच त्यो' म्हणून वरडाय लागलं. शिपायांनी त्येस्नी बुटानं तुडीवलं."

"आनि तू?"

"मी गाडीत बसलो."

कचेरीतल्या साहेबांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नागाप्पा पाटील सुटला, असं लोकसभेत सांगून झालंय, बाई. सुटलेल्या माणसाला पुन्हा कसा सोडवायचा?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "रविवारी मंत्रीसाहेब सुटलेल्याच्या सत्काराला येतायत. स्टेजवर उभ्या राहा आणि त्यांनाच सांगा. आधी बोंबाबोंब केलीत तर भेट विसरा."

ती उभी राहिली. निपाणीवाल्याच्या शेजारी, डोईवर पदर घेऊन. फोटोवाला म्हणाला, "वहिनी, जरा मालकांकडं सरका." ती सरकली. मंत्र्यांनी त्या माणसाच्या गळ्यात हार घातला. सरकार आपल्या एकाही लेकराला वाऱ्यावर सोडत नाही, असं ते बोलले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सायेब, ह्यो माझा..."

"हो हो, तुमचा तुम्हाला मिळाला!" तिची पाठ थोपटून मंत्री पायऱ्या उतरले. ती ओरडत गाडीमागं धावली. पोलिसानं दंडाला धरून तिला गर्दीबाहेर काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात शिवगंगेचा नागाप्पा त्याच कोठडीत मेला. तिथून सुटलेल्या एका कामगारानं निपाणीवाल्याला गाठून ते सांगितलं, आणि निपाणीवाला तो निरोप घेऊन बावड्यात आला. शिवगंगेनं त्याला घरात घेतलं नाही.

नवऱ्याचं मढं तरी आणून द्या, म्हणून ती कचेरीत गेली. या नावाचा कुणी भारतीय तिथल्या तुरुंगात उरलेलाच नाही, असं कारकुनानं खिडकीतून सांगितलं.

तिनं तिथंच, सगळ्यांदेखत, कपाळावरचं कुंकू पदरानं पुसलं. साहेब जेवायला गेले होते.