खिडकीबाहेर राहिलेले बटण

मी एक जुने बटण आहे, मित्रांनो. सदऱ्याला शिवतात ते नव्हे, आणि भिंतीवर दिव्यासाठी असते तेही नव्हे. मला हातात धरता येत नाही. मी एका वेबपानावर राहते. कोणी फोनवर किंवा संगणकावर ते पान उघडले की मी दिसते. माझा रंग हिरवा आहे, कोपरे गोल आहेत आणि अंगावर पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द आहेत: फोन करा.

माझा जन्म चिखलीत झाला. पण माझी गोष्ट महादेवरावांच्या वहीपासून सुरू होते.

महादेवराव एसटीत कंडक्टर होते. एकदा त्यांच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या मुलाला दवाखान्यात रक्त हवे होते आणि मागच्याच बाकावर बसलेल्या शिक्षकाचा रक्तगट जुळला. शिक्षक म्हाताऱ्याबरोबर दवाखान्याच्या थांब्यावर उतरले. त्या दिवसापासून महादेवरावांना नाद लागला. तिकीट फाडता फाडता ते प्रवाशाला विचारायचे, "रक्तगट ठाऊक हाय का?" ज्याला ठाऊक असे आणि जो हो म्हणे, त्याचे नाव, गाव आणि नंबर ते एका लांब वहीत उतरवून घेत. ते निवृत्त झाले तेव्हा त्या वहीत चारशे बारा नावे होती. लोणारपासून जळगाव जामोदपर्यंतची माणसे त्या वहीत शेजारी शेजारी बसली होती.

त्यांची मुलगी वैष्णवी संगणक शिकली होती. वहीची पाने सुटायला लागलेली पाहून तिने ठरवले, या नावांचे एक पान बनवायचे. गट निवडा, नाव निवडा, आणि फोन लावा. वहीत बायकांचेही नंबर होते. ते उघड्यावर नकोत असे महादेवरावांनी बजावले होते. म्हणून तिने सगळे नंबर माझ्या आत ठेवले. मला दाबले की नंबर न दिसता थेट फोन लागे. चारशे बारा माणसांकडे जाणारी एकच वाट होती, आणि ती वाट म्हणजे मी.

वैष्णवीने मला पानाच्या मधोमध उभे केले. तिच्या टेबलावर मोठा, रुंद पडदा होता. पडदा ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते तिने मोजले आणि डाव्या काठापासून सहाशे ठिपके सोडून मला जागा दिली. दोन्ही बाजूंना सारखी मोकळी जागा राहिली. ती खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मला तेव्हा फार बरे वाटले.

वाचनालयाच्या सभागृहात माझे उद्‌घाटन झाले. भिंतीवर पांढरे कापड लावले होते आणि त्यावर मी हातभर मोठे दिसत होते, अगदी मध्यावर. पाहुण्यांनी सगळ्यांसमोर मला दाबले आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका दुकानदाराच्या खिशात फोन वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महादेवरावांनी मात्र आपले नाव पानावर कुठेही टाकू दिले नाही. "पान रक्ताचं हाय, माह्यं काय काम त्याच्यात?" असे म्हणाले.

आठवड्याने वैष्णवीची एक मैत्रीण तिला म्हणाली, "तुझं पान फोनवर बोट लावलं की डावी-उजवीकडे घसरून राह्यलं."

वैष्णवीने तिच्या फोनवर पाहिले. पान खरेच घसरत होते. ते घसरत होते माझ्यामुळे. फोनच्या पडद्याची खिडकी जेमतेम साडेतीनशे ठिपके रुंद होती, आणि मी उभे होते सहाशेव्या ठिपक्यावर. मी उजव्या काठाच्या पार पलीकडे होते. पान घसरवले तरच माझे दर्शन व्हायचे. वैष्णवीला त्या दिवशी दुसरी कामे होती. काठाबाहेर जे काही जाईल ते झाकून टाकावे, अशी संगणकाला सांगणारी एक ओळ तिने घाईत लिहिली आणि पान घसरायचे थांबले. नावे नीट दिसली, गट दिसले, पान स्थिर झाले. मी कुठे आहे हे तिने पाहिले नाही.

मित्रांनो, तेव्हापासून फोनवर पान उघडणाऱ्या कोणालाच मी दिसले नाही. आणि हे कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण चिखलीत सगळे महादेवरावांना ओळखत होते. पानावर नाव सापडले की लोक त्यांच्याच घरी फोन लावत. ते वही काढून नंबर सांगत. त्यांना वाटे, लोकांना माणसाशी बोलायला आवडते. त्यांच्या चांगुलपणाने माझे हरवणे पाच महिने झाकून ठेवले.

जळगाव जामोदकडे मात्र महादेवरावांना कोणी ओळखत नव्हते.

तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गोकुळ नावाचा तरुण भाजीपाला पिकवतो. त्याची बायको जयमाला बाळंतपणासाठी खामगावच्या एका दवाखान्यात होती. पहाटे मुलगी झाली. मग जयमालाचे रक्त थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह, आणि त्या गटाची पिशवी रक्तपेढीत नव्हती. अकोल्याला निरोप गेला होता, पण तिथून पिशवी येईपर्यंत रक्तदाता मिळतो का पाहा, असे डॉक्टरांनी सांगितले. व्हरांड्यातल्या कोणीतरी गोकुळला माझ्या पानाची लिंक पाठवली.

सकाळचे सात वाजले होते. गोकुळने गट निवडला. पहिलेच नाव आले: कचरू, ओ निगेटिव्ह, आणि पुढे नांदुऱ्याजवळच्या एका खेड्याचे नाव. खामगावपासून तासाभराची वाट. गोकुळने नावावर बोट ठेवले. मी पुढे यायला हवे होते. मी आलेही होते, पण काठाच्या पलीकडे. त्याचे बोट काचेवर फिरत राहिले. नावावर, गावावर, रिकाम्या जागेवर. पान बंद करून त्याने पुन्हा उघडले. तीन वेळा उघडले. मी त्याच पानावर होते, त्याच्या बोटापासून वीतभरही दूर नव्हते.

"नाव हाय, पण नंबर नाई दिलेला," तो सासूला म्हणाला.

त्याची सासू सोजराबाई जयमालाचा हात धरून बसली होती. ती म्हणाली, "गाव हाय ना? मंग गावात जा."

कोणाची तरी मोटारसायकल मागून गोकुळ निघाला. त्या खेड्यात कचरू नावाची दोन माणसे होती. आधी तो दुसऱ्याच कचरूच्या घरी गेला. खऱ्या कचरूच्या घराला कुलूप होते. तो नदीपलीकडच्या वावरात शेतकामाला गेला होता. वावर सापडायला आणखी वेळ गेला. कचरू निरोप ऐकताच हातातले सोडून मोटारसायकलवर बसला. ते रक्तपेढीत पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. अकोल्याची पिशवीही त्याच सुमारास आली. दोन्हीकडचे रक्त जयमालाला दिले गेले. दुसऱ्या दिवशी ती गेली. मुलगी वाचली.

तीन तास आधी रक्त मिळाले असते तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांनाही छातीवर हात ठेवून सांगता आले नाही. ते एवढेच म्हणाले की सांगता येत नाही.

दहाव्या दिवशी कचरू एसटीने चिखलीला आला आणि पत्ता विचारत महादेवरावांच्या दारात उभा राहिला. नऊ वर्षांपूर्वी त्याने गाडीत आपले नाव लिहून दिले होते. महादेवरावांनी त्याला ओळखले, आत बोलावले, पाणी दिले. त्याने पाणी तसेच खाली ठेवले.

"साहेब, मी भांडाले नाई आलो," तो म्हणाला. "मले फक्त इचारायचं हाय. त्या दिवशी सकाळपासून फोन माह्या खिशात व्हता. चालू व्हता. वावरात रेंजबी व्हती. मंग मले फोन काऊन नाई आला?"

कचरूने आपला फोन काढला, पान उघडले आणि आपल्या नावावर बोट ठेवून फोन त्यांच्यापुढे धरला. "हे पाहा. हे मी. आता दाबाव कुठं?"

वैष्णवी आतून आली होती. तिने फोन हातात घेतला. मी तिला दिसले नाही. मी दिसले नाही हेच तिला दिसले. कचरूने मग सगळे सांगितले, गोकुळचे, जयमालाचे, वावरापर्यंतच्या वाटेचे. सांगताना त्याने एकदाही आवाज चढवला नाही.

तो गेल्यावर वैष्णवी म्हणाली, "बाबा, मी ते पान काढून टाकते."

महादेवराव म्हणाले, "लोक मले फोन करत व्हते, तवा मीबी इचारलं नाई, का पानावरून काऊन नाई करत म्हणून. मले बरं वाटे. चूक दोघाची हाय, बेटा. पान काढलं तं उद्या दुसऱ्या कोणाले मोटारसायकल घेऊन गाव हुडकत जावं लागन."

वैष्णवी संगणकासमोर बसली. तिने पहिल्यांदा माझे सहाशे ठिपके पुसले. मग मला सांगितले की काठापासून मोजायचे नाही, समोर जी खिडकी असेल, रुंद असो की अरुंद, तिच्या निम्म्यावर जाऊन उभे राहायचे. मी गेले. पण माझी डावी कड निम्म्यावर आली आणि माझे सगळे अंग उजवीकडे कलले. तेव्हा तिने दुसरी गोष्ट सांगितली, की आता स्वतःच्या रुंदीच्या निम्मे मागे सर. मी मागे सरले, आणि बरोबर मध्ये आले. मोठ्या पडद्यावर, लहान पडद्यावर, फोन आडवा धरला तरी मध्येच. इतके सोपे होते ते. दोन ओळींचे काम. वैष्णवीने त्या ओळी लिहिल्या आणि टेबलावर डोके ठेवले. ती रडत होती का, हे मला तिथून दिसत नव्हते.

चार दिवसांनी बापलेक एसटी बदलत बदलत गोकुळच्या गावी गेले. ओसरीत सोजराबाई मांडीवर नात घेऊन बसली होती. वैष्णवीने बसायच्या आधीच सांगून टाकले.

"मावशी, ते बटण होतं. मीच बनवलेलं. माझ्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं, तुमच्या फोनवर झाकलं गेलं. मी पाहिलं नाही. माझी चूक आहे."

गोकुळ खांबाला टेकून उभा होता. तो अंगणात निघून गेला. सोजराबाईने नातीच्या अंगावरचे दुपटे सारखे केले.

"मी तिचा हात धरून बसली व्हती," ती म्हणाली. "मले वाटे, आता येईन कोणी. आता येईन." मग तिने हाक मारली, "गोकुळ, तो फोन आण इकडं. तोच."

गोकुळने फोन आणून दिला. त्याच्या काचेला कोपऱ्यात तडा होता. सोजराबाईला वाचता येत नाही. वैष्णवीने पान उघडले, ओ निगेटिव्ह निवडले, कचरूचे नाव आले. आणि मी समोर आले. तडा गेलेल्या त्या काचेखाली, मधोमध.

"हे व्हय?" सोजराबाईने विचारले.

"हो, मावशी."

तिने अंगठा टेकवला. कामाने खरखरीत झालेला तो अंगठा क्षणभर माझ्यावर तसाच राहिला. मग फोन लागला. दोनदाच घंटी वाजली आणि पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोन?"

सोजराबाई म्हणाली, "मी जयमालाची माय."

पलीकडे कचरू एक क्षणही थांबला नाही. तो म्हणाला, "सांगा माय, कुठं येऊ?"

सोजराबाईने फोन तोंडाजवळ घेतला. "कुठं नाई, बाबू," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. फोन लागते का, ते पाहून राह्यली व्हती."

निघताना गोकुळ बसच्या थांब्यापर्यंत सोबत आला. बस दिसली तेव्हा वैष्णवीला म्हणाला, "माहा गट बी पॉझिटिव्ह हाय. नाव टाकून घ्या."

या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. मी जुने झाले आहे. लोक आता व्हॉट्सॲपच्या गटांवर निरोप टाकतात, आणि कधी कधी महिना महिना मला कोणी दाबत नाही. माझ्यासारखी नवी बटणे सावल्या घेऊन येतात, बोट लागले की हलतात. मला तसे काही येत नाही. मला फक्त खिडकीच्या मध्यावर उभे राहता येते. वैष्णवी मात्र मला विसरलेली नाही. ती कुठेही गेली, बाजारात किंवा बसस्टँडवर, की एखाद्या अनोळखी बाईला म्हणते, "ताई, तुमचा फोन जरा देता का? एक बटण दिसतं का, ते पाहायचंय." कोणी देते, कोणी संशयाने पाहून नाही म्हणते. जी देते तिच्या फोनवर ती मला पाहते, आभार मानते आणि फोन परत करते. का ते कोणाला सांगत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी बनवाल. पान बनवाल, पाटी लिहाल, दार बसवाल. ते तुमच्या जागेवरून सुंदर दिसेल, आणि लोक टाळ्याही वाजवतील. तेवढ्यावर थांबू नका. ज्याला त्याची गरज पडणार आहे त्याच्या शेजारी जाऊन बसा, त्याच्या फुटक्या काचेतून पाहा, आणि त्याचे बोट कुठपर्यंत पोहोचते ते बघा. पोहोचत नसेल तर त्याला दोष देऊ नका. उठा, आणि आपले काम त्याच्या बोटाखाली आणून ठेवा.