दोघांनीही ठरवून ठेवलेला ढोल

मित्रांनो, तूत मोहल्ल्यात कधी आलात तर भट्टीच्या दारात जरा वर बघा. पिठाच्या पोत्यांच्या वर, जाड दोरीला टांगलेला, पोट सुटलेल्या काझीसारखा दिसणारा जो ढोल आहे, तोच मी. वय विचारू नका. वयाच्या चौकशीने आमच्या मोहल्ल्यात काय घडलं, तेच तर मला सांगायचं आहे.

माझं लाकूड अक्रोडाचं, लेबनॉनच्या डोंगरात बर्फ अंगावर घेऊन वाढलेलं. अबू नज्म नावाच्या कारागिराने ते कोरून पोकळ केलं, दोन्ही तोंडांवर शेळीचं कातडं ताणलं आणि पहिली थाप मारून बायकोला विचारलं, कसा वाटतो? ती म्हणाली, तुमच्या घोरण्यापेक्षा बरा. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी मिस्बाह ढोलवाल्याच्या खांद्यावर आलो. मिस्बाह तेव्हा मिशी फुटलेला तरुण होता. आमची जोडी अशी जमली, की आमच्याशिवाय मोहल्ल्यातला एकही नवरदेव घोड्यावर काय, पायीसुद्धा निघत नसे. हजहून कुणी परतलं की मी वेशीपर्यंत सामोरा जाई. रमझानात पहाटे माझ्या आवाजाने लोक उठत आणि मला शिव्या देत देत जेवायला बसत. कामाचा मान म्हणतात तो हाच.

एकच दुखणं होतं. आमचं शहर समुद्राकाठी. दमट हवेने माझं कातडं सैल पडे आणि मी आजारी माणसासारखा कण्हू लागे. म्हणून वाजवण्याआधी मिस्बाह मला शेक द्यायला भट्टीवर नेई. ही भट्टी वदादबाईंच्या वडिलांची. सगळा मोहल्ला तिथे भाकऱ्या आणि मांसाची तबकं भाजायला आणत असे. भट्टीच्या बरोबर समोर लोणच्यांचं दुकान. तिथे गुलाबी सलगमाच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत आणि त्या दुकानाचा मुलगा नझीह, बरण्या पुसता पुसता भट्टीकडेच बघत असे. भट्टीतून वदाद बरण्यांकडे बघत असे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, असं दोघंही सांगत.

एकदा नझीह आणि वदादच्या साखरपुड्यासाठी मला शेकून तयार ठेवलं होतं. कातडं असं तापलं होतं की माशी बसली तरी टण्‌ वाजावं. आणि ऐन वेळी निरोप आला, साखरपुडा नाही. मुलीकडून नकार, असं लोणच्याच्या दुकानात बोललं गेलं. मुलाकडून नकार, असं भट्टीवर बोललं गेलं. मला तसाच न वाजवता परत नेलं. ढोलाला याहून मोठा अपमान नाही.

त्या दिवसापासून दोन्ही दुकानांत जे जुंपलं, ते तीस वर्षं. भट्टीच्या धुराने माझं लोणचं करपट लागतं, अशी नझीहची तक्रार. तुझ्या सिरक्याच्या वासाने माझं पीठ आंबतं, अशी वदादबाईंची. दोघांनीही लग्नं केली, संसार केले, वदादबाई विधवा झाल्या, नझीहला नातवंडं झाली. पण भांडण मात्र दोघांनी एखाद्या एकुलत्या एक लेकरासारखं सांभाळलं.

मधल्या काळात माझे दिवस फिरले. लग्नात मोठाले स्पीकर आले. मिस्बाहने मला जिन्याखाली ठेवलं. तिथे एका मांजरीने माझ्या पोटाशी दोन बाळंतपणं काढली. पोटाला ऊब मिळाली, एवढंच काय ते सुख. हिवाळ्यात पाऊस पडला की गल्लीखालचा जुना नाला तुंबे, घाण पाणी घराघरांत शिरे, आणि मी मांजरीच्या पिल्लांसह तरंगू लागे. दर हिवाळ्यात लोक बादल्यांनी पाणी उपसत आणि नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडत. पण पालिकेत आमच्या मोहल्ल्याचं ऐकायला कोण होतं? जुने नगरसेवक निवडून आले त्याच वर्षी मोहल्ला सोडून टेकडीवर राहायला गेले होते. टेकडीवर नाला तुंबत नाही.

शेवटी निवडणूक लागली. मोहल्ल्याची जागा एक आणि उमेदवार दोन. वदादबाईंनी अर्ज भरला हे कळताच नझीहने दुपारच्या आत भरला. नाला दुरुस्त करू, असं वदादबाई म्हणाल्या. नाला दुरुस्त करू, असं नझीहही म्हणाला. भांडण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, म्हणून दोघं वयावर आले. नझीहने मिशा शाईसारख्या काळ्या केल्या आणि "तरुण रक्त" असं लिहून स्वतःच्या लग्नातला फोटो भिंतीभिंतीवर चिकटवला. वदादबाई तर पन्नाशीच्या अलीकडे इतकी वर्षं मुक्काम करून होत्या, की त्यांच्या धाकट्या बहिणी त्यांना मागे टाकून पुढे गेल्या होत्या.

आता विजयाची मिरवणूक म्हटली की ढोल हवा. वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे स्पीकरच्या भरवशावर कोण राहील? दोन्ही बाजूंना मी आठवलो. नझीहने सलगमाच्या बरण्या मिस्बाहच्या दारात ठेवून मला ठरवलं. वदादबाईंनी निकालापर्यंत रोज गरम भाकरी देऊन मला ठरवलं. मिस्बाहने दोघांनाही मान डोलावली. दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा पडतो म्हणतात; मिस्बाह मात्र दोन्ही डगरींवर बसून भाकरीबरोबर लोणचं खात होता. बायकोने हटकलं तेव्हा त्याने शांतपणे समजावलं की दोघांपैकी एक जिंकणारच, आणि जो जिंकेल त्याच्यासाठी वाजवलं म्हणजे शब्द पाळल्यासारखाच आहे.

मतमोजणी शाळेत झाली. सकाळी निकालाच्या वेळी अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी मिस्बाहच्या गळ्यात होतो, भट्टीवर शेकून कडक केलेला. बाहेरगावहून आलेले निवडणुकीचे अधिकारी, फादीसाहेब, चष्मा पुसत पायरीवर उभे राहिले. मिस्बाहने टिपरू वर उचललं. साहेबांनी नझीहची मतं सांगितली. मग वदादबाईंची सांगितली. दोन्ही आकडे एकच होते.

टिपरू हवेतच राहिलं. दोघांची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग साहेब म्हणाले की कायद्यात याची सोय आहे. मतं समान पडली तर जो वयाने मोठा, तो निवडून आला असं समजायचं.

मित्रांनो, त्यानंतर मी जे पाहिलं ते कोणत्याच लग्नात पाहिलं नव्हतं. नझीह तडक अंगणातल्या नळाकडे गेला आणि मिशा चोळू लागला. काळं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं आणि खालून पांढरीशुभ्र मिशी निघाली. त्याच्या मेहुण्याने कुठूनशी एक काठीही आणून दिली. इकडे वदादबाईंनी एकदम गुडघा धरला आणि खुर्ची मागितली. आजवर ज्याची गरज नाही असं त्या शपथेवर सांगत होत्या, तो चष्मा पदराखालून काढून नाकावर चढवला.

"कालपर्यंत तरुण रक्त होतास ना?" त्या म्हणाल्या.

"रक्त तरुण आहे, वदादबाई. हाडं म्हातारी आहेत," नझीह काठी टेकत म्हणाला. "तुम्ही मात्र पन्नाशीच्या आतल्या. लहान माणसाने मोठ्यांना वाट द्यावी."

साहेबांनी दोघांची ओळखपत्रं मागितली. दोन्हींवर एकच वर्ष आणि एकच तारीख, एक जानेवारी. आमच्याकडे त्या काळी मूल झालं की लगेच नोंद करायला कोण धावायचं? कारकून सवडीने सगळ्यांना एक जानेवारीला जन्माला घाली. अर्ध्या मोहल्ल्याचा वाढदिवस त्याच दिवशी असतो.

साहेबांनी कपाळाला हात लावला. दोघांनी आपसात ठरवून एकाला मोठं मानलं आणि तशी सही दिली तर ठीक, नाहीतर प्रकरण कोर्टात जाईल, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे निकाल लागेपर्यंत जागा रिकामी. इकडे नाल्यांच्या कामाची यादी ठरवायला पालिकेची बैठक तोंडावर आली होती. जागा रिकामी म्हणजे पुन्हा हिवाळा, पुन्हा बादल्या. गर्दीत कुरकुर सुरू झाली. काहींनी दोघांनाही नाल्यात घाला असं सुचवलं, आणि त्या सूचनेला निवडणुकीतल्या कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त प्रतिसाद मिळाला.

तेव्हा नझीहला युक्ती सुचली. त्याची आई, हज करून आलेली हज्जा बद्रिया, अजून हयात होती. सगळ्या मोहल्ल्यातली बाळंतपणं तिच्या डोळ्यांदेखत झालेली. ती जे सांगेल ते मान्य, असं तो मोठ्याने म्हणाला. सख्खी आई मुलाविरुद्ध थोडीच बोलेल, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. वदादबाईंनाही ते वाचता आलं. पण हज्जा कधी खोटं बोलल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनीही मान्य केलं.

हज्जाला खुर्चीसकट उचलून आणलं. साहेबांनी अदबीने विचारलं, दोघांत आधी कोण जन्मलं? हज्जाने मुलाच्या पांढऱ्या मिशीकडे बघितलं.

"ही आधी," तिने वदादबाईंकडे बोट केलं.

"आई, नीट आठव," नझीह म्हणाला.

"नीटच आठवतंय. हिच्या आईच्या मांडीवर आधीच मूल होतं, म्हणून तर तुला दूध मिळालं."

"कसलं दूध?"

सगळी गर्दी दोन पावलं पुढे सरकली.

"माझ्या अंगाला दूधच आलं नाही रे," हज्जा म्हणाली. "तू रडून रडून निळा पडायचास. सासूला कळलं असतं तर तिने मला माहेरी धाडलं असतं. हिची आई भट्टीच्या मागच्या खोलीत तुला छातीशी घ्यायची. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला तू. ही तेव्हा बसायला लागली होती. तू तर मानही धरत नव्हतास."

एका आईचं दूध प्यायलेली मुलं भाऊबहीण होतात आणि भावाबहिणीचं लग्न होत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे पुढचं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. वदादबाई खुर्चीतून उठल्या. गुडघा दुखत होता हे त्या विसरल्या.

"म्हणजे तेव्हा नकार तुमच्याकडून नव्हता?"

"दोन्हीकडून होता. मी आणि तुझ्या आईने मिळून दिला. खरं सांगितलं असतं तर माझ्या सासूपर्यंत गेलं असतं. मी याला सांगितलं तिकडून नाही आलं, तिने तुला सांगितलं इकडून नाही आलं. म्हटलं, चार दिवस रुसतील आणि विसरतील."

"तीस वर्षं झाली, हज्जा."

"मला काय माहीत, तुम्ही इतके चिवट निघाल."

कोण आधी हसलं ते मला दिसलं नाही. बहुतेक फादीसाहेबच असावेत, कारण ते तोंड फिरवून उभे होते. नझीह हसला नाही. तो टेबलाशी गेला, कागद ओढला आणि सही केली. "लिहा साहेब. मोठी तीच," म्हणाला. मग गर्दीतून वाट काढत तो थेट माझ्यापुढे आला, मिस्बाहच्या हातातलं टिपरू घेतलं आणि मला एक तडाखा दिला. त्यात पराभव किती होता, तीस वर्षांचा राग किती होता आणि लहानपणची भूक किती होती, ते मला सांगता येणार नाही. माझं कातडं उभं फाटलं. विजयाचा ढोल म्हणून मी इतकाच वाजलो. मिस्बाह मात्र मला कवटाळून लहान मुलासारखा रडला.

आठवडाभर मी फाटक्या तोंडाने पडून होतो. मग नझीहच चांभारवाड्यातून शेळीचं कातडं घेऊन आला. कातडं भिजवायला घंगाळ सापडेना, म्हणून त्याने ते लोणच्याच्या पिंपात भिजवलं. त्यामुळे आजही भर उन्हात मी वाजलो की पुढच्या माणसाला सिरक्याची आठवण होते. सुकवायला कातडं अर्थातच भट्टीवर गेलं. ते ताणून बसवताना एक टोक नझीहने धरलं, एक वदादबाईंनी, आणि मिस्बाह मधे बसून दोघांनाही चुकतंय असं सांगत होता. जिन्याखाली ओल फार, म्हणून तेव्हापासून माझा मुक्काम भट्टीच्या दारातच आहे.

नगरसेविका वदादबाई बैठकीला गेल्या आणि नाल्याचं काम यादीत घालूनच उठल्या. अजून ते पुरतं झालेलं नाही. अर्धी गल्ली खणून ठेवली आहे. नझीह रोज सकाळी फळीवरून तोल सांभाळत येतो आणि विचारतो, "ताई, नाला?" त्या म्हणतात, "धाकटा आहेस, धाकट्यासारखा बस," आणि पुढ्यात गरम भाकरी टाकतात. मिशा त्याने पुन्हा काळ्या केल्या आहेत. आपण वयाने लहान आहोत हे सरकारी कागदावर सिद्ध झालं, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. वदादबाई निवडणूक जिंकल्या खऱ्या, पण साऱ्या मोहल्ल्याने त्यांना थोरली करून टाकलं, याचं दुःख त्यांना नाल्याहून खोल आहे.

मित्रांनो, एवढं ऐकलंत तर माझं एक मागणं ऐका. घरात जुना ढोल असेल तर त्याला ओलीत टाकू नका. अधूनमधून शेक द्या, आणि रागाच्या भरात वाजवू नका. थाप पडल्याशिवाय आम्ही बोलत नाही. म्हातारी माणसंही विचारल्याशिवाय बोलत नाहीत. हज्जाला इतक्या वर्षांत भाजी चिरायला सांगितली, नातवंडं सांभाळायला सांगितली, पण कुणी काही विचारलं नव्हतं.

आता विचारतात. कालच वदादबाई तिच्या पायांशी बसून म्हणाल्या, "हज्जा, आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

हज्जाने भाकरीचा तुकडा चहात बुडवला, सावकाश चघळला आणि म्हणाली, "पुढच्या निवडणुकीला विचार."