दोन जावा आणि एक टिबुकली

माणिक आणि तिची थोरली जाऊ सुलूवहिनी यांच्यातलं बोलणं बंद होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. दोघींची घरं देवास रोडवरच्या एकाच कॉलनीत होती, मागच्या तळ्याच्या दोन काठांना. त्यामुळे तोंड पाहायचं नाही म्हटलं तरी रोज दिसायचंच.

कारण साधं नव्हतं. माणिकच्या मुलीचं, मुक्ताचं, इंदूरचं स्थळ पक्कं झालं होतं. साखरपुड्याच्या खरेदीला सगळे फ्रीगंजच्या बाजारात गेले असताना सुलूवहिनींनी मुलाच्या आईला बाजूला घेतलं. "मुलगी गुणाची आहे हो. पण एक जमलेलं लग्न आधी मोडून बसली आहे, तेवढं ध्यानात असू द्या." आठवड्यात नकार आला. मुक्ता पुण्याला नोकरीला निघून गेली आणि तिथे रमलीही. माणिकच्या पोटातला निखारा मात्र विझला नाही.

यंदा सुलूवहिनी कॉलनीच्या अध्यक्ष झाल्या. तळ्यातलं गवत काढून पायडलची बोट सोडायची, असं त्यांनी ठरवलं. चैत्रात मजूर दोर घेऊन आले तेव्हा माणिक मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मजुरांची चाहूल लागताच लव्हाळ्यालगतच्या कचऱ्याच्या ढिगावरून एक कबुतराएवढा पक्षी उठला. मान तांबूस, चोचीच्या मुळाशी पिवळट ठिपका, शेपटीच्या नावाने काही नाही. त्याने चोचीने घाईघाईने ओलं शेवाळ ओढून ढिगावर पसरलं आणि आवाजही न होता पाण्यात बुडाला. वर आला तो पार पलीकडे.

"पनडुब्बी है, मेडम," कॉलनीच्या बोअरची मोटर चालवणारा रामेश्वर काठावरून म्हणाला. "अंडे ढाँक के गई है."

माणिकने मुक्ताला फोन लावून पाहिलेलं सांगितलं. "आई, ती टिबुकली," मुक्ता म्हणाली. "तो ढीग म्हणजेच घरटं. पाण्यावर तरंगतं."

माणिकला पक्ष्यांचं कधी वेड नव्हतं. पण त्या क्षणी तिला जे वाटलं ते खजिना सापडल्यासारखं होतं. दुपारीच ती वनखात्यात तक्रार देऊन आली. गवत काढू नये, बोट सोडू नये. आणि लिहिता लिहिता तिने आणखी एक ओळ घातली: बोअरची मोटर तळ्यात पाणी सोडते, त्या आवाजाने पक्षी बिथरतो, तीही बंद ठेवावी. त्याच मोटरवर सुलूवहिनींची बाग जगत होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वनखात्याचे साहेब आले, पाहून गेले, सगळं बंद झालं.

मग कॉलनीने माणिकला वाळीतच टाकलं म्हणायचं. तळ्याला वास सुटला, डास झाले. दुधाच्या गाडीपाशी ती आली की बायका गप्प होत. सुलूवहिनी तिला ऐकू जाईल अशा बेताने कुणाला तरी म्हणाल्या, "स्वतःच्या पोरीचं घर बसवता आलं नाही, निघाली पाखरांची घरं बसवायला!" माणिकने दुधाची पिशवी घट्ट धरली. घरी येऊन सुलूवहिनींचा मोगरा वाळताना पाहिला, तेव्हा कुठे तिला जेवण गेलं.

वैशाख मात्र कुणाची बाजू घेत नाही. पाणी रोज खाली जात होतं. एका सकाळी माणिकने पाहिलं तर काठालगत नुसता चिखल उघडा पडलेला, आणि तरंगतं घरटं त्या चिखलावर कलंडून टेकलेलं. टिबुकली पाण्यातून चढू पाहत होती. तिचे पाय अंगाच्या अगदी मागच्या टोकाला. दोन पावलं टाकली की छातीवर पडायची, पुन्हा उठायची. चिखलात कुत्र्याची पावलं उमटली होती. एक अंडं फुटलेलं होतं.

 माणिकसाठी ही टिबुकली म्हणजे सुलूवहिनींना मारायचा दगड होता. त्या दगडाला जीव आहे हे तिला आत्ता, या वेळी दिसत होतं.

तिने वनखात्यात फोन केला. "मोटर बंद करने का तो आपने ही लिखा था," साहेब म्हणाले. "चालू करवा लीजिए, हमें क्या आपत्ति है?"

मोटरच्या खोलीची किल्ली अध्यक्षांकडे होती.

बोलणं तुटल्यापासून पहिल्यांदाच माणिकने तो उंबरठा पाहिला. सुलूवहिनी दारातच उभ्या राहिल्या. आत ये म्हणाल्या नाहीत.

"मोटर चालू करायला हवी," माणिक म्हणाली. "घरटं चिखलात बसलंय."

"बंद कुणी करवली?"

"मी."

"का?"

माणिकने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमची बाग वाळावी म्हणून. पक्ष्याचा त्यात काही संबंध नव्हता."

सुलूवहिनींनी मान उडवली. "म्हणजे अजून तेच धरून बसली आहेस. मी त्या बाईला खोटं काय सांगितलं? दहा तोंडांनी कळण्यापेक्षा एका तोंडाने कळलेलं बरं."

"ते सांगायचं तोंड तुमचं नव्हतं, वहिनी. मुक्ताचं होतं."

 सुलूवहिनींनी खुंटीवरची किल्ली काढली, माणिकच्या हातात न देता तिच्या शेजारून पुढे झाल्या आणि पायात चपला सरकवल्या. "तुझ्यासाठी चालवत नाहीये. माझी बाग जळालीय."

मोटर सुरू झाली, पण तळं का घटकेत भरतं? माणिक छत्री आणि काठी घेऊन चिखलाच्या कडेला स्टूल टाकून बसली. रोज सकाळपासून ऊन कलेपर्यंत. कुत्री आली की हाकलायची. पोरं हसायची. सुलूवहिनी फिरायला आल्या की पलीकडून म्हणायच्या, "ऊन लागून मेलीस तर कॉलनीचं नाव होईल!" माणिक छत्री सावरून बसायची. एकदा ती जेवायला घरी गेली असताना कुत्रं भुंकल्याचा आवाज आला. ती धावत आली तर सुलूवहिनी पदर खोचून त्याला दगड मारत होत्या. माणिकला पाहताच त्यांनी हातातला दगड टाकला आणि मान फिरवून चालू लागल्या.

पाणी चढलं. घरटं हललं, सरळ झालं, तरंगलं. काही दिवसांनी माणिकला टिबुकलीच्या पाठीवरच्या पिसांतून पट्ट्यापट्ट्यांची दोन इवली डोकी बाहेर आलेली दिसली. आईने एकदम बुडी मारली आणि दोन्ही पिल्लं पाण्यावर बुचांसारखी डुगडुगत राहिली. माणिक एकटीच मोठ्यांदा हसली.

पावसाळ्यात पिल्लं मोठी झाली, वनखात्याची बंदी उठली आणि बोट आली. नारळ फोडायला अख्खी कॉलनी जमली, माणिकला बोलावणं नव्हतं. टिबुकल्या लव्हाळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तेवढं गवत कुणी काढलं नाही. का काढलं नाही, हे माणिकने विचारलं नाही आणि सुलूवहिनींनी सांगितलं नाही. दोघींचं बोलणं आजही बंदच आहे.