गप्प खोलीतला बडबड्या बाक

मी एक लाकडी बाक आहे. जिथं कुणी चकार शब्द काढत नाही अशा खोलीत माझं आयुष्य चाललंय, आणि माझा स्वभाव मात्र बडबड्या. आता तुम्ही आलाच आहात, तर जरा ऐकून घ्या. पुन्हा अशी संधी कधी मिळेल, सांगता येत नाही.

माझा जन्म सुताराच्या कारखान्यातला. सुतार तोंडात खिळे धरून शिट्टी वाजवायचा. ते दोन्ही एकदम कसं जमायचं, ते मला अजून कळलेलं नाही. त्यानं मला पाठ दिली, बैठक दिली, आणि पुढे कोपरं टेकायला एक कठडा व त्याखाली गुडघे टेकायला एक फळी दिली. फळीच्या एका टोकाचा आधार मात्र बोटभर आखूड कापला गेला. "चालतंय, माणसंही कुठं सगळी सरळ असतात?" असं म्हणून त्यानं मला चर्चच्या हवाली केलं. तेव्हापासून माझी फळी डुगडुगते. दोघं जण दोन टोकांना असले की ठीक. एक उठला की दुसऱ्याचं टोक धप्पकन खाली.

आधी मी मोठ्या चर्चमध्ये सगळ्यात मागं होतो. उशिरा येणाऱ्यांची ती जागा. प्रवचन चालू असताना कोण कुणाकडं बघतंय, कुणाच्या बुटांना पॉलिश नाही, सगळं मला माहीत. पुढं नवे बाक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली, तुटक्या मेणबत्तीदाण्या आणि एका पंख नसलेल्या देवदूताच्या शेजारी. देवदूत काही बोलायचा नाही. वाईट दिवस होते ते.

मग नवे फादर आले. त्यांनी चर्चच्या बाजूची छोटी खोली रंगवून घेतली आणि तिथं आराधना सुरू केली. वेदीवर एक सोनेरी पात्र, त्याला सूर्यासारखी किरणं, मधोमध काच, आणि काचेमागं पवित्र भाकर. आमच्या लोकांच्या श्रद्धेनं तो स्वतः प्रभू येशूच. त्याच्यासमोर फक्त बसायचं. गाणं नाही, प्रवचन नाही, अळीमिळी गुपचिळी. नियम एकच. प्रभू वेदीवर असेपर्यंत त्याच्यासमोर कुणीतरी हवंच, त्याला एकटं सोडायचं नाही. म्हणून प्रत्येकानं एकेक तास वाटून घेतला. पुढचा आल्याशिवाय आधीचा उठत नाही. खोली लहान, त्यामुळं बाक एकच मावला. तो मी. आनंदानं माझ्या फटी फुगल्या.

माणसं मनात काय बोलतात ते मला ऐकू येत नाही. पण कोपरं कळतात. बेकरीवाल्याची कोपरं पिठानं पांढरी. तो डोळे मिटतो आणि प्रार्थनेतून अलगद घोरण्यात शिरतो. शाळेच्या बाई देवासमोरही घड्याळ बघतात, जणू आता त्यालाच छडी मिळणार आहे. बसचा ड्रायव्हर नुसता बसतो. फादरांनी एकदा दारात त्याला विचारलं, "काय मागता हो एवढं?" तो म्हणाला, "काही नाही, फादर. दिवसभर सगळे मला हॉर्न देतात. इथं कुणी बाजूला हो म्हणत नाही."

पण मला सांगायचंय ते दोन जावांबद्दल. थोरलीची लॉन्ड्री आहे, धाकटी शिवणकाम करते. दोघींचं सूत असं की लोक त्यांना सख्ख्या बहिणीच समजायचे. वेदीचं कापड धाकटी शिवायची आणि थोरली धुऊन इस्त्री करायची. एका सणाआधी धाकटीनं नवं कापड शिवलं, कडेला नाजूक लेस लावली. थोरलीच्या इस्त्रीखाली लेसचा कोपरा करपला. थोरली म्हणाली, लेसच हलकी होती. धाकटी म्हणाली, तुमचं लक्ष हल्ली इस्त्रीवर नसतं. झालं! राईचा पर्वत झाला आणि दोघींच्या तोंडाला कुलूप लागलं.

बिचाऱ्या फादरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढं सुंदर कापड एका डागापायी कशाला फुकट घालवा, म्हणून त्यांनी तेच आराधनेच्या वेदीवर अंथरलं. करपलेला कोपरा नेमका माझ्यासमोर! मग काय, थोरली तिच्या तासाला यायची, नजर वर प्रभूकडं लावायची, आणि ती घसरून डागावर यायची. धाकटीचंही तेच. दोघींची कोपरं माझ्यात रुतायची. प्रार्थनेचं मौन आणि भांडणाचा अबोला बाहेरून सारखेच दिसतात, पण बाकाला फरक कळतो. अबोला जड असतो हो.

दोघींची गाठ पडू नये म्हणून दोघींच्या मधला तास निवृत्त पोस्टमन आजोबांनी घेतला होता. पण खरी कोंडी झाली ती थोरलीच्या लेकीची. तिचं लग्न ठरलं होतं. लग्नाचा झगा काकूच शिवणार, हे ती लहान असल्यापासून ठरलेलं. कापड आणलेलं, पण कात्री लागायची होती. धाकटी म्हणे, थोरलीनं तोंडानं सांगावं. थोरली म्हणे, तिनं स्वतःहून विचारावं. एकदा पोर एकटीच आली, कपाळ माझ्यावर टेकून कुजबुजली, "येशूबाबा, लग्न तोंडावर आलंय. मी काय घालू? आईला नाहीतर काकूला, एकीला तरी बोलायला लाव." माझा जीव तुटला. पण बाकानं काय करावं?

जे केलं ते पोस्टमन आजोबांनी, तेही चुकून. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं म्हणून त्यांनी थोरलीला निरोप दिला, "माझा तास तेवढा सांभाळा." मग निरोप दिल्याचं विसरून धाकटीलाही तेच सांगितलं. जन्मभर ज्यानं एकाही पत्राचं घर चुकवलं नाही, त्यानं एकच निरोप दोन घरांत टाकला.

ठरल्या वेळी थोरली आपला तास संपवून तशीच गुडघ्यांवर बसून राहिली आणि दारातून धाकटी आत आली. दोघी एकमेकींकडं बघून दगड झाल्या. धाकटीनं गुडघा टेकून प्रभूला वंदन केलं आणि माझ्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यांवर बसली. एक असताना दुसरीला जायला हरकत नव्हती. पण दोघींनी शब्द दिलेला, आणि आधी उठेल ती हरली! जावाच त्या.

सुरुवातीला माझ्या कठड्याला कळ लागली, इतकी दोघींची कोपरं ताठ होती. मग हळूहळू काय झालं, मला नीट सांगता येणार नाही. उन्हाची तिरीप काचेवर आली. थोरलीची नजर वर गेली आणि या वेळी वरच राहिली. धाकटीनं नाक ओढलं. थोरलीनं समोर बघतच रुमाल तिच्याकडं सरकवला. धाकटीनं तो घेतला. खोलीतली शांतता हलकी झाली. मी हे शपथेवर सांगतो, माझी लाकडं ते ओळखतात.

इतक्यात पोस्टमन आजोबा डॉक्टरकडून परत आले. दोघींना शेजारी शेजारी बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना जागा द्यायला धाकटी उठली. फळी डुगडुगली आणि थोरलीचं टोक धप्पकन खाली! तिच्या पायांना केव्हाच्या मुंग्या आलेल्या. ती कलंडली आणि सगळं विसरून ओरडली,

"अगं धर मला, पाय मेला माझा!"

"धरलंय ताई, धरलंय! हळू!"

आणि आजोबांनी, सवयीनं, ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ!"

सगळं घर ज्या बोलण्याची वाट बघत होतं, ते एकदाचं निघालं, तर आजोबा गप्प बसवतायत! धाकटीला आधी हसू फुटलं, मग थोरलीला लागण झाली. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, आणि दोघींच्या हसण्यानं मी कुरकुर कुरकुर हलतोय. मला वाटतं, वेदीवरच्यालाही ते आवडलं असावं.

आजोबा प्रभूपाशी थांबले आणि एकमेकींना धरून त्या बाहेर गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. मी कान टवकारले.

"लेस चांगली होती गं," थोरली म्हणाली. "इस्त्रीच तापली होती माझी."

"मीपण नको ते बोलले, ताई. उद्या पोरीचं कापड पाठवा. माप घेते."

"उद्या कशाला?" थोरली म्हणाली. "रोज पिशवीत घालून आणतेय. इथवर आणायची आणि परत घेऊन जायची."

मग पिशवी या हातातून त्या हातात गेली.

लग्नाच्या सकाळी नवरी आधी माझ्याकडं आली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काकू. धाकटी तिच्या झग्याचा घोळ सावरत कुजबुजली, "हळू बस गं, शेवटचे टाके आत्ताच घातलेत." मग तिघींनी डोळे मिटले. पोरीनं आभार मानले असणार, मला ऐकू आलं नाही. पण तिची कोपरं इतकी हलकी होती, की माझ्यावर कुणी टेकलंय असं वाटलंच नाही.

आता मी म्हातारा झालोय. पॉलिश उडालंय. सुतार मला दुरुस्त करायला बघतो, पण फादर म्हणतात, असू दे तसाच. माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. इथं शांत बसायला याल, तेव्हा ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, त्यालाही बरोबर घेऊन या. बोलायची सक्ती नाही. नुसतं शेजारी बसा, समोर बघा. माझ्यावर दोघांपुरती जागा तर नक्कीच आहे.