मागच्या खिडकीतला खाणकामगार

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार उद्यावर आला की ओबरग्रुंड गावात घरोघरी माळ्यावरच्या सजावटीच्या पेट्या खाली येतात. हाइनर आणि गुद्रूनच्या घरात त्या पेट्या उघडायचा मान लग्न झाल्यापासून एकट्या गुद्रूनचा. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. हाइनरने पेटी जिन्यावरून खाली आणून द्यायची आणि पुढे "बाजूला हो रे, पाय देशील कशावर तरी" एवढं ऐकून घ्यायचं. आयुष्यभर डोंगरातल्या वळणांवरून बस चालवलेला माणूस, पण त्या दिवशी स्वतःच्या घरात त्याला उभं राहायला जागा नसायची.

या वर्षी गुद्रून चाकाच्या खुर्चीत बसून बघत होती.

वसंतात एका सकाळी पाव कापता कापता तिच्या हातातली सुरी खाली पडली, आणि तो हात पुन्हा उचललाच गेला नाही. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आवाज होता, शब्दही होते, पण हवा तो शब्द जिभेवर येत नसे. पाणी मागायला जावं तर तोंडातून 'जिना' बाहेर पडायचा. डोकं मात्र लख्ख होतं. आपण भलतंच बोललो हे तिला बोलताक्षणी कळायचं, आणि दुखण्यापेक्षा तेच जास्त लागायचं.

शहरातून मुलगी आली होती, डोरीन. बापलेकीने मिळून सजावट काढायला घेतली. कागदी तारा ओसरीत टांगला, तो जरा तिरका. मेणबत्त्यांची कमान खिडकीत ठेवली, तिच्याखालचं क्रोशाचं कापड उलटं. गुद्रूनचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर नुसता उघडत होता, मिटत होता.

मग निघाला लाकडी मनोरा. खाली मेणबत्त्या लावल्या की वर गरम हवा जाते, माथ्यावरची पाती फिरतात, आणि मजल्यामजल्यावरचे मेंढपाळ आणि राजे गोल चालू लागतात. हाइनरने पाती बसवली, मेणबत्त्या पेटवल्या आणि हात कमरेवर ठेवून मागे सरकला.

"बाबा," डोरीन म्हणाली, "मेंढपाळ उलटे चाललेत."

"कुठे उलटे?"

"पाठमोरे चाललेत अहो! बाळाकडे जायचं सोडून मागे मागे निघालेत. पाती उलटी बसवलीत तुम्ही."

हाइनरने जरा वेळ निरखून पाहिलं. "बाळाला बघून झालं असेल. घरी चाललेत."

गुद्रून हसली. चेहरा अर्धाच हसला, पण हसू पुरं होतं. हसायला शब्द लागत नाहीत. हाइनरने तिच्याकडे पाहिलं, आणि किती महिन्यांनी त्या घरात तिघं एकदम हसली.

शेवटची पेटी पुढच्या खिडकीची. घरात जितके मुलगे तितके लाकडी खाणकामगार आणि जितक्या मुली तितके देवदूत खिडकीत मांडायचे, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत मेणबत्ती, ही तिथली जुनी रीत. रस्त्याने जाणाऱ्याला कळावं, या घरात किती लेकरं आहेत. लेकरं मोठी होऊन गेली तरी बाहुल्या मांडतातच. डोरीनने आपला देवदूत काढला, पुसला आणि खिडकीत ठेवला. मग पेटीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तिच्या हाताला लागलं.

"हा टिलोचा," ती हळूच म्हणाली.

"राहू दे पेटीत," हाइनर म्हणाला.

टिलो म्हणजे त्यांचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी तो समोरच्या घरातली सून घेऊन निघून गेला. समोरचं घर एगोनचं, आणि एगोन म्हणजे हाइनरचा लहानपणापासूनचा मित्र. दोघं एकत्र शाळेत गेले, चर्चच्या वाद्यवृंदात एकाच बाकावर बसून तुतारी वाजवायला शिकले. सून गेली, तिच्याबरोबर नात गेली, काही महिन्यांनी एगोनचा मुलगाही गाव सोडून गेला. एगोनच्या घरात तो आणि त्याचा कुत्रा, एवढेच उरले. एगोनने भांडण केलं नाही. फक्त बोलणं टाकलं. हाइनरने टिलोला फोनवर सांगितलं, "या घरात तुझं काही उरलं नाही." आणि त्या वर्षी खाणकामगार पुढच्या खिडकीत आला नाही. एगोनच्या डोळ्यांसमोर तो लावायचा कसा?

गुद्रूनने वाद घातला नव्हता. खाणकामगार उचलला आणि मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवला. त्या खिडकीतून नुसतं जंगल दिसतं. संध्याकाळी ती तिथे मेणबत्त्या लावायची. हाइनर तिथेच बसून सूप प्यायचा आणि खिडकीकडे पाहायचा नाही. एक शब्दही न बोलता ठरलेला हा करार पाच नाताळ टिकला होता.

आता तिने डावा हात स्वयंपाकघराकडे केला. "घोडा," ती म्हणाली. डोळे मिटून तिने पुन्हा प्रयत्न केला. "घोडा. घोडा तिकडे."

"काय हवंय आई? चहा?" डोरीन वाकली. "थंडी वाजते? खिडकी उघडी आहे का तिकडची?"

गुद्रूनने मान हलवली, हात तसाच धरला आणि हाइनरकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात डोळे वाचता येतातच. त्याला नीट कळलं होतं, आणि तरी तो म्हणाला, "दमली असेल. पडू दे तिला जरा."

तिला बिछान्यात नेलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. तिला राग येत होता, पण तो काढायचा कशातून? हाइनर त्या खिडकीकडे न बघण्याइतका मोठ्या मनाचा होता, हे तिला माहीत होतं. पण न बघणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने ठेवणं वेगळं. आता हात त्याचेच उरले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, डोरीन परत गेली आणि हाइनर वाद्यवृंदाबरोबर चर्चच्या मनोऱ्यावर तुतारी वाजवायला गेला. वर्षातून एकदाच वाजवतात तिथून. "पोचलो की वाजवू, वाजवलं की येतो," असं म्हणत त्याने तिच्या गुडघ्यांवर घोंगडी नीट केली. "ऐकू येईल तुला इथे."

तो गेल्यावर गुद्रून खुर्ची रेटू लागली. एका हाताने आणि एका पायाने खुर्ची सरळ जात नाही, गोल फिरते. फिरत फिरत ती पुढच्या खिडकीजवळच्या बाकापाशी पोचली. शेवटची पेटी तिथे उघडीच होती. तिने पुडकं काढलं, दातांनी कागद सोडवला, खाणकामगार मांडीवर घेतला. काळा डगला, हिरवी टोपी, टिलोने लहानपणी चावून ठेवलेला टोपीचा काठ. चर्चच्या मनोऱ्यावरून तुताऱ्या सुरू झाल्या. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि चाकं उंबऱ्याला अडली.

एवढासा उंबरा. रोज हाइनर मागून खुर्ची उचलायचा, म्हणून तो तिथे आहे हेसुद्धा ती विसरली होती. तिने दोनदा धडक दिली. मग चौकट धरून ती उभी राहिली. डावा पाय उंबऱ्यापलीकडे गेला. उजवा आला नाही.

हाइनर परत आला तेव्हा ती अर्धी स्वयंपाकघरात, अर्धी बाहेर अशी पडली होती. घोट्याखालचा पाय वाकडा नव्हता, रक्त नव्हतं, पण गालाखालची फरशी ओली झाली होती. खाणकामगार चुलीपाशी, त्याचा हात वेगळा.

"अगं काय केलंस! काय केलंस हे!" त्याने काखेत हात घालून उचलायला पाहिलं. ती वर येईना. पुन्हा पाहिलं. त्याच्या पाठीत कळ आली आणि तो तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. मग उठला, पुढचं दार उघडून रस्त्यावर गेला. समोर एगोन तुतारी काखोटीला मारून आपलं कुलूप उघडत होता. पाच वर्षांत हाइनरने त्याला हाक मारली नव्हती.

"एगोन! गुद्रून पडलीय रे. मला उचलत नाही."

एगोन वळला. किल्ली कुलपातच राहिली. मग तुतारी पायरीवर ठेवली आणि रस्ता ओलांडून आला.

दोन म्हाताऱ्यांनी तिला एक-दोन-तीन म्हणत उचललं आणि खुर्चीत बसवलं. एगोन धापा टाकत होता. "हाड मोडलं नाहीये," तो तिचा पाय चाचपून म्हणाला. "दुखतंय का, गुद्रून?"

"छत्री," गुद्रून म्हणाली आणि मान हलवली.

"बरं, नाही दुखत म्हणजे." मग त्याला खाणकामगार दिसला. त्याने तो उचलला, हात शोधून उचलला, दोन्ही टेबलावर ठेवलं.

"एगोन," हाइनर म्हणाला, "हे... हे आम्ही काही..."

"काय आम्ही काही?" एगोन म्हणाला. "मी रोज संध्याकाळी कुत्रा कुठून फिरवतो रे? तुझ्या मागच्या जंगलातून. पाच वर्षं हा त्या खिडकीत जळताना बघतोय मी. तुला काय वाटलं, मी आंधळा आहे?"

हाइनर टेबलापाशी खाली बसला.

"मी काही विसरलो नाही," एगोन पुढे म्हणाला, जरा खालच्या आवाजात. "विसरणारही नाही. पण आईने आपल्या पोराचा दिवा लावायचा नाही, असं मी कधी म्हटलं? माझ्या नावावर नको टाकूस ते." त्याने गुद्रूनच्या खांद्याला हात लावला आणि गेला. दार त्याने हळूच ओढून घेतलं.

गुद्रूनने हाइनरकडे पाहिलं. तिला वाटलं, आता झालं. आता हा उठेल, दोन पावलं चालेल आणि ठेवेल. अडचण एगोनची होती ना, तर एगोननेच ती काढून टाकली.

हाइनर उठला. खाणकामगार आणि त्याचा तुटका हात घेऊन तो मागच्या पडवीत गेला. बऱ्याच वेळाने आला तेव्हा हात डिंकाने चिकटवलेला होता, कडेला थोडा डिंक ओघळलेला. त्याने खाणकामगार हातात धरला आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभा राहिला. उभाच राहिला. मग वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते गुद्रूनने त्याच्या आईच्या मरणातही पाहिलं नव्हतं.

"मला जमत नाही गं," तो म्हणाला. "एगोनचं काही नाही त्यात. मलाच जमत नाही. तू ठेवायचीस तेव्हा मी... तू होतीस ना ठेवायला."

ती काहीतरी बोलणार होती. सांगणार होती की तो आपलाच आहे, की तुझ्या रागाचा मला राग नाही, की फक्त चार पावलं आहेत. तिला स्वतःच्या तोंडाची भीती वाटली आणि तिने ते मिटून घेतलं.

हाइनरने खाणकामगार तिच्या मांडीवर ठेवला, खुर्ची मागून उचलून उंबरा ओलांडला, तिला थेट खिडकीपाशी नेलं आणि "लाकडं आणतो" असं पुटपुटत बाहेर गेला. लाकडं चुलीपाशी भरपूर होती.

एवढं मात्र तो करू शकला. गुद्रूनने डावा हात ताणला. खिडकीची फळी खुर्चीतून उंच पडत होती. खाणकामगाराचे पाय काठावर टेकले, ती ढकलत गेली, तो आत सरकला आणि आडवा झाला. बोटाने उभा करायला गेली तर बोट पोचेना. हाइनर लाकडं घेऊन आला. आडवा पडलेला खाणकामगार त्याने पाहिला. उभा केला नाही, काढलाही नाही. त्याने सूप गरम केलं आणि तिला चमच्याने भरवलं. बाहेर गावातल्या सगळ्या खिडक्या एकेक करून उजळत गेल्या.

पुढच्या रविवारी डोरीन नाताळचा श्टोलन केक घेऊन आली. स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या म्हणाली, "अय्या, हा पडलाय की!" आणि बोलता बोलता तिने तो उभा केला, ओट्यावरची भांडी सरळ करावी तसा. "मेणबत्त्या कुठे आहेत याच्या, बाबा?" हाइनर टोपी घालून बाहेर निघून गेला. डोरीनने खणांत शोधलं, मिळाल्या नाहीत, आणि मग ती केक कापायला बसली. बाहेर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत राहिले.

नाताळच्या आदल्या दिवशी, दुपार व्हायच्या आत फोन वाजला. इतकी वर्षं त्या वेळी हाइनर झाड आणायला गेलेला असायचा आणि फोन गुद्रून घ्यायची, कारण त्या वेळी टिलोच बोलणार हे तिला ठाऊक असायचं. या वर्षी झाड शेजारच्या पोरांनी आणून दिलं होतं, आणि हाइनर घरात होता. तो ओसरीत गेला. गुद्रून कान देऊन ऐकत राहिली.

"हो," हाइनर म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. "बरी आहे. नाही, बोलता येत नाही... नाही." पुन्हा बराच वेळ. "बरं." आणि फोन ठेवल्याचा आवाज.

तो आत आला. खुर्चीजवळ थांबला, घोंगडी नीट केली, पुन्हा नीट केली. कोण होतं, हा जगातला सगळ्यात साधा प्रश्न. तिने तो मनात नीट जुळवला, सावकाश, एकेक अक्षर, आणि तोंड उघडलं.

"बर्फ," ती म्हणाली.

हाइनरने खिडकीबाहेर पाहिलं. "हो गं," तो म्हणाला, "सकाळपासून पडतोय."