आगाऊ वाह्यलेले डोळे

"डोळा काढला तं देवीले वाह्यलेलं वाया गेलं नं! सही तं करून पाहा तुमी!" याडी बापूवर वरडली. याडी म्हणजे माही माय, रामीबाई. वाशिमच्या दवाखान्यातला अख्खा व्हरांडा आमच्याकडं पाहून राह्यला होता.

बापू हातात पेन धरून उभा. "मंग काय करू? दुसरा बी जाऊ देऊ का पोराचा?"

डोळा माहाच. डावा. ऊसतोडीले निंगायच्या आधी कोयत्याचा दांडा ठोकत होतो, तं लोखंडाची कपची उडाली अन सरळ बुबुळात. डॉक्टरबाईनं कपची काढली, टाके घातले. पण उजेड गेला तो गेलाच. बॅटरी मारली तरी तिकडून काई नाई. नुस्ता ठणकते, अन आक्रसून चाल्ला, वाळल्या बोरावानी.

बाईनं आज सरळ सांगतलं. ठेवला तं ठणका राहीन. अन असा फुटलेला डोळा कधीमधी चांगल्या डोळ्याले बी घेऊन बुडते. होईनच असं नाई, पण झालं तं सांभाळणं कठीण. काढला तं खाचेत गोटीएवढी नकली गोळी बसवतात, जखम भरली का वरून नकली डोळा. त्यातून आपल्याले दिसत नाई, लोकाईले डोळा दिसते, बस. आठवीत शाळा सोडली म्या, पण हे समजाले शाळा लागत नाई.

"रंग कसा देता?" म्या इचारलं. माहे डोळे घारे हायेत, याडीसारखे. तांड्यात मले मांजऱ्या म्हणते.

"चांगल्या डोळ्याकडं पाहून रंगवतात. काय ते लवकर ठरवा," म्हणून बाई गेली.

अडकलं ते याडीपाशी. नवस बोलाचा, अन काम झालं का फेडायचा, अशी रीत हाय. याडीले दमच निंगला नाई. टाके पडल्याबराबर पोहरादेवीले गेली अन चांदीच्या डोळ्यांची जोडी आगाऊच वाहून आली. आता म्हणे, देवीनं ठेवून घेतली, मंग देवीच डोळा वापस देईन, तुमी मधात हात घालू नका. रामनवमीच्या यात्रेपर्यंत थांबा.

"यात्रेपर्यंत?" माहं डोकं फिरलं. "तोवर हा दुसरा गेला तं?"

"अभद्र बोलू नको, करण्या."

"तू वाह्यले किती डोळे?"

"जोडीच भेटते. दोन."

"मंग एकट्या डाव्यासाठी कुठं वाह्यले? उजवा दिसून राह्यला नं? तेवढा राखला तुह्या देवीनं. आता तो तुले घालवाचा हाय का?"

बापू जरासा हसला. त्यानं हसाले नाई पायजे होतं.

"तुमाले हसू येते!" याडीनं पदर नाकाले लावला. मंग माही हनुवटी धरून उजव्या डोळ्यात पाहत बसली, बाजारात बैलाचे दात पाह्यतात तशी. म्या डोळा मिचकावला. पाठीत एक बसली.

"याच्याकडंच पाहून रंग देणार नं ते?"

"हो."

"मंग याले जप," म्हणे. अन बापूकडं न पाहताच, "करा सही."

बापूनं केली. नर्सनं माह्या डाव्या भिवईवर पेननं बाण काढला. याडीचा त्या बाणावर भरोसा नाई, चुकून उजवा काढला तं? माह्या बाजूले येऊन, माह्यासारखंच भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली, आपला डावा हात वर करून पाह्यला, मंग माहा.

"डावाच हाय," म्हणे. अन पुन्हा एकदा हात वर केला.

आतून पुकारून राह्यले, करण हेमसिंग राठोड. मले जा लागते आता.