ताप उतरवणारा मणी

कारखान्यातल्या सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. एरवी याच फरशीवर तारा जोडायच्या वितळलेल्या सोल्डरचे थेंब सांडायचे, तारांचे तुकडे तळव्यात रुतायचे, आणि कुणी अनवाणी दिसला की मालक खेकसायचे. आज मालक स्वतःच अनवाणी, हात जोडून उभे होते. चाचणीच्या टेबलामागच्या फिरत्या खुर्चीत मणीबाबा बसले होते.

"हात लावा," बाबा म्हणाले. "लेकराच्या कपाळाला लावता ना, तसा."

टेबलावर एक हिरवा सर्किट बोर्ड सकाळपासून चालू ठेवला होता. त्यावरचा लाल दिवा सोडून बाकीचे चार दिवे भगभगत होते, आणि बाजूला तारेने एक भोंगा जोडला होता. मधल्या काळ्या चिपवर एकेकाने बोट टेकवलं आणि चटका बसून मागे घेतलं.

"ताप आहे हा. या जिवाला नजर लागलीय, म्हणून तुमचे बोर्ड मरतात. शिकलेले म्हणतील, चिप निर्जीव असते. अरे, निर्जीवाला ताप येतो का कधी?"

माना डोलल्या. बाबांचा शिष्य पुढे झाला. त्याने सगळ्या दिव्यांच्या आणि भोंग्याच्या तारा मधोमध कापल्या आणि प्रत्येक कापलेल्या जागी एक काळा मणी सफाईने जोडला. बाबांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. त्यात 'क्वांटम' हा शब्द दोनदा आला. दिवे पुन्हा लागले, जरा सौम्य. थोड्या वेळाने लोकांनी भीतभीत बोटं टेकवली. चिप गार होती.

"उतरला गं बाई," म्हणत पॅकिंगवाल्या मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

मागे भिंतीला टेकून थोरली हे बघत होती. ती तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिची धाकटी बहीण या कारखान्यात सोल्डरिंग करायची. इथे बनायचे ते नवजात बाळांच्या उबदार पाळण्यांचे बोर्ड: पाळणा प्रमाणाबाहेर तापला की लाल दिवा लावायचा आणि भोंगा वाजवायचा, हे त्यांचं काम. गेले काही महिने ते पटापट बंद पडत होते. "ताई, एकदा येऊन बघ गं," असं धाकटी म्हणाली, म्हणून ती आली होती. पण तिच्याआधी बाबा पोचले होते.

"आता नजर कुणाची, ते बघू," बाबा म्हणाले.

सोल्डरिंगच्या बायकांना ओळीने उभं केलं गेलं. बाबा एकेकीचा तळहात नाकाशी नेऊन हुंगू लागले. हुंगताना त्यांचा अंगठा मनगटावर रेंगाळत होता, आणि मालक छताकडे बघत होते. धाकटीपाशी येऊन बाबा थांबले. तार कापायची काय गरज, असं मघाशी शिष्याला एकटीनेच विचारलं होतं, ती हीच.

"या हातात दाह आहे. ही शिवेल ते जळेल."

मालकांनी तिला दाराजवळच्या स्टुलावर बसायला सांगितलं. शेजारच्या टेबलावर तिचा चहाचा कप होता. तिच्याबरोबर वर्षानुवर्षं डबा खाणाऱ्या बाईने तो कागदाच्या कडेने ढकलत इतर कपांपासून लांब नेला. बाबाची किळस थोरलीला आधीच आली होती. त्या कागदाची जास्त आली.

ती पुढे झाली. "बाबा, मण्यात शक्ती आहे ना? मग तार कापू नका. मणी नुसता शेजारी ठेवा. ताप उतरतो का बघू."

बाबा मंद हसले. "ताई, औषध बाटलीत ठेवून गुण येतो का? पोटात जावं लागतं."

लोक हसले. मालक अवघडून म्हणाले, "बाई, तुमचा मान आहे, पण चिप गार झाली हे तुम्हीही पाहिलंत. गुण आला, आम्हाला पुरे. प्रसूतिगृहाच्या सिस्टर माल न्यायला येऊन बसल्यात."

सिस्टर खरंच खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, परतायच्या घाईत.

"मग त्यांच्यासमोरच भोंगा वाजवून दाखवा," थोरली म्हणाली.

"वाजतो की. कालच वाजवलाय," मालक म्हणाले.

"काल मणी नव्हता."

मालकांना नाही म्हणता येईना. थोरलीने बोर्डाचा तापमान मोजणारा सेन्सर उचलला आणि गरम चहात बुडवला. लाल दिवा लागला. सगळ्यांनी कान टवकारले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. भोंगा गप्प होता.

शिष्याने तार हलवून पाहिली. काही नाही. बाबांनी डोळे मिटले. "आज त्याचं मौन आहे," ते म्हणाले.

सिस्टर उठल्या. "मौन? माझ्या खोलीत ओळीने पाळणे असतात, आणि मी एकटी. एका बाळाला दूध पाजताना पाठीमागचा दिवा मला दिसत नाही. भोंगा ऐकून मी धावते. तो मौनात असेल तर आत तापणाऱ्या बाळाने काय करायचं?"

थोरलीने भोंग्याच्या तारेतला मणी कापून काढला आणि पक्कड मागितली.

"मणी फोडशील तर तुझ्या घराची राख होईल," शिष्य पुटपुटला.

"होऊ दे. घर माझं आहे."

कट्कन आवाज झाला. काळ्या लाखेचे तुकडे टेबलावर सांडले. आत तांदळाच्या दाण्याएवढी एक नळी होती, अंगावर रंगीत पट्टे, दोन्ही टोकांना तार.

पॅकिंगवाल्या मावशीच आधी बोलल्या. "अगंबाई, हा तर रेझिस्टर. याच्या पिशव्या पडल्यात आपल्या कपाटात."

"का पडल्यात?" थोरलीने विचारलं.

मालकांनी खाली बघितलं. त्यांच्या जावयाने नवा बोर्ड आखला होता. रेझिस्टर काढले तरी दिवे लागतात, उलट जास्तच लखलखतात, मग ही अडगळ कशाला, असं म्हणून त्याने ते सगळे वगळले होते.

"म्हणून ताप," थोरली म्हणाली. "नीट ऐका. चिपचा पाय, ही बारीक पिन, म्हणजे हमाल नव्हे. तो फक्त इशारा करतो: दिवा लाव, दिवा विझव. त्याला झेपेल एवढाच प्रवाह त्याच्यातून जायला हवा. दिव्याचं तसं नाही. मोकळं सोडलं तर तो मिळेल तेवढा ओढत राहतो. चिप तापते, आणि शेवटी तो पाय आतून जळतो. मध्ये रेझिस्टर घातला की प्रवाहाला लगाम बसतो. जादू म्हणाल तर एवढीच. आणि ती लाखेत लपवून तुम्हालाच विकली."

"मग भोंगा का गप्प?" सिस्टरांनी विचारलं.

"भोंग्याची भूक मोठी. मणी नसताना तो वाजायचा, पण चिपचा पाय जाळून. मणी घातल्यावर पाय वाचला, भोंगा उपाशी राहिला. त्याला वेगळा रस्ता लागतो. चिपने नुसती खूण करायची आणि जड प्रवाह मधल्या ट्रान्झिस्टर नावाच्या छोट्या स्विचने वाहायचा. यांना एवढं कळलं असतं तर त्याचाही मणी निघाला असता."

"पण बोर्ड आधी न बघताच बाबांनी रोग कसा ओळखला?" कुणीतरी विचारलं.

"न बघता?" दाराजवळच्या स्टुलावरून धाकटी बोलली. "हा शिष्य मागल्या आठवड्यात आशीर्वादासाठी म्हणून बंद पडलेला बोर्ड घेऊन गेला होता. मी स्वतः बांधून दिला. तो पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, त्यानेच सांगितलं मला."

शिष्य पिशवी आवरू लागला. बाबा उठले, आणि इथली हवा दूषित झाली, असं काहीसं बोलत बाहेर पडले. एवढ्यावर लोकांचे डोळे उघडले असतील असं वाटेल. पण मालाची कोठी सांभाळणारा माणूस त्यांच्यामागून दारापर्यंत गेला आणि हळूच म्हणाला, "घरच्या आजारपणासाठी एखादा मणी उरलाय का?" थोरलीने ते ऐकलं. तिला थुंकावंसं वाटलं.

मालकांनी तिला बाजूला घेतलं. "झालं ते झालं. बाहेर बोलू नका, जावयाचं नाव आहे." मग धाकटीकडे वळून ते म्हणाले, "जा गं, तुझ्या जागेवर बस. ट्रान्झिस्टर लावायला घे."

धाकटी उठली नाही.

"आधी विकलेले सगळे बोर्ड परत मागवा," ती म्हणाली. "सिस्टरांसमोर कबूल करा. मग बसते."

सिस्टर मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मालकांनी घाम पुसला, चूक कबूल केली आणि ते बोर्ड परत मागवायला तयार झाले. संध्याकाळच्या आत पहिला दुरुस्त बोर्ड तयार झाला. सेन्सर गरम पाण्यात गेला आणि भोंगा असा कोकलला की मावशींनी कानांवर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी कप ढकलणारी बाई धाकटीच्या घरी आली. वाईट वाटलं म्हणाली.

"माझा हात लागून तुला कधी पोळलं होतं का?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

बाईने आशेने थोरलीकडे पाहिलं. थोरली शेजारीच बसली होती, पण तिनेही त्या बाईची सुटका केली नाही.

बाबाची लबाडी उघडी पाडायला एक पक्कड पुरली. आपण मात्र वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस एका हुंगण्यावर परका करतो. स्वतःच्या बोटांना आलेला अनुभव विसरतो आणि दुसऱ्याच्या पुटपुटण्यावर मान डोलावतो. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो फोडून बघा. फोडू देत नसतील, तर का ते विचारा. आणि तो चमत्कार शेजारच्या माणसाकडे बोट दाखवू लागला, तर तिथल्या तिथे तोंड उघडा.